एका हाताने मिटणारा वॉकर

प्रिय बिजागऱ्या,

काल तुझी वहिनी एकटी बसने तिच्या बहिणीकडे जाऊन आली. बस थांबली, तिने मुठीवरचं बटण उजव्या अंगठ्याने दाबलं, वॉकर मिटला, पट्ट्याने खांद्याला अडकवला आणि दांडा धरून ती चढलीसुद्धा. मी स्कूटरवरून मागे मागे होतो, हे तिला सांगू नकोस. म्हणजे तिला ठाऊक आहेच, पण सांगू नकोस.

आपण दोघं एका कारखान्यात शेजारशेजारच्या लेथवर होतो, मग तू बाबागाड्या काढल्यास आणि मी वॉकर. तिचा डावा हात लुळा पडला तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की एका हाताने धरायचा वॉकर मी पंधरा वर्षं विकतोय आणि त्याची घडी घालायला मात्र दोन हात लागतात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तिला बाहेर पडायचं तर मी सोबत हवा, आणि चाळीस वर्षांत माझी सोबत तिला पुरेपूर झालेली. तुझ्या बाबागाड्या कडेवर मूल घेतलेल्या बायका एका हाताने मिटतात, म्हणून तुझं दार वाजवलं.

पण तुझी बिजागरी बाळाच्या वजनाची आणि माझं गिऱ्हाईक सत्तर किलोचं. माझा वेल्डर म्हणाला, सहज मिटेल ते सहज कोसळेलही. तुझ्या स्प्रिंगवाल्या बाई म्हणाल्या, तुमच्या नळ्या म्हणजे नुसते ओंडके. दोन महिने दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. मग एके दिवशी भांडता भांडताच निघालं, की अंगाचा भार पडला की बिजागरी आणखी घट्ट बसावी आणि भार उचलला तरच बटण चालावं. आधी कोण बोललं यावर त्यांचा अजून वाद चालू आहे. माझ्या माणसांना हे एकट्याने सात जन्मांत सुचलं नसतं, आणि तुझ्या माणसांना त्याची गरजच पडली नसती. तुझे फार उपकार आहेत रे माझ्यावर. तोंडावर मला हे बोलता येत नाही.

सोमवारी आपल्या दोन्ही कंपन्यांचा कायमचा करार होणार, त्याआधी पोटातलं ओठावर आणतो. तुला पाठवलेल्या पहिल्या आराखड्यात नळीचं माप मी मुद्दाम खोटं लिहिलं होतं, पंचवीसच्या जागी तेवीस मिलिमीटर. माझ्या नकळत तू स्वतःच वॉकर काढायला लागलास तर अडावास, म्हणून. या धंद्यात असं करतात, पण मित्राशी नाही करत. नंतर तुझा नमुना नळीवर चपखल बसला, तेव्हा घाईत खराच कागद गेला असेल, सुटलो, असं म्हटलं. काल घरी आल्यावर तुझ्या वहिनीने सांगितलं. तो आराखडा मिळाल्यावर तू तिला बघायला आला होतास, तिच्या वॉकरची नळी मोजलीस, हसलास आणि म्हणालास, वहिनी, त्याला काही बोलू नका, ओशाळेल. आठ महिने तुम्ही दोघांनी मला ओशाळू दिलं नाहीत. सोबत माझे सगळे आराखडे पाठवतोय, आजवर कुणाला दाखवले नाहीत तेही. मापं खरी आहेत. तरी एकेक मोजून घे, आणि मगच सहीला ये.

तुझाच,
लेथवरचा शेजारी