खूण राहिलेली ओळ

मी, खाली सही करणारा, वय एकसष्ट, निवृत्त प्रोग्रॅमर, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. फुप्फुसांचे तसे नाही. डॉक्टरीणबाईंनी दोन महिने सांगितले आहेत. हे लिही म्हणून कोणी मागे लागलेले नाही.

१. माझा कीबोर्ड आणि वेळ लावायचे टेबलावरचे घड्याळ भाचीला. ती हेच काम शिकते आहे. पोरी, पंचवीस मिनिटे एकच काम कर, मग ऊठ, पाणी पी. तपासणीसाठी काही बंद केलेस तर खुर्ची सोडण्याआधी सुरू कर. नुसते वहीत लिहून उठू नकोस.

२. पुस्तके कोणालाही द्यावीत, समोरच्या बिऱ्हाडाला सोडून. त्यांनी नेलेली शिडी अजून आलेली नाही.

३. राहते घर धाकट्या भावाला. पण आधी माझी निळी वही त्याच्या हाती द्यावी आणि हे कलम त्याच्या बायकोसमोर मोठ्याने वाचावे.

चौदा वर्षांपूर्वी आम्ही दोघे एका कारखान्याच्या भट्टीचा प्रोग्रॅम सांभाळत होतो. तपासणी करताना धोक्याची घंटा सारखी वाजून जीव खात होती, म्हणून ती वाजवणारी ओळ मी तेवढ्यापुरती बंद केली. माझा संगणक बिघडला होता. बसलो होतो भावाच्या खुर्चीत, त्याच्या संगणकावर, त्याच्याच नावाने. निळ्या वहीत लिहिले, ‘घंटेची ओळ सुरू करणे’, आणि जेवायला गेलो. वहीतल्या त्या ओळीपुढे काम झाल्याची खूण आजही नाही.

दुसऱ्या दिवशी भट्टी तापत गेली, घंटा वाजली नाही, भट्टीवाला भाजून मेला. संगणकाच्या नोंदीत ओळ बंद करणाऱ्याचे नाव भावाचे निघाले. भावजय माझ्याकडे आली. “भाऊजी, तुम्ही तरी सांगा, यांच्या हातून असं होईल का?”

मी म्हणालो, “अगं, चूक कुणाकडूनही होते.”

भावाची नोकरी गेली. त्याला काही आठवत नव्हते, पण कागदावर आपले नाव पाहून त्याने मान्य केले. आपल्या हातून माणूस गेला, असे तो आजही धरून चालतो. दर रविवारी माझी औषधे आणतो. तो आला की मला माझीच किळस येते.

४. कारखान्याला पाठवायचे पत्र वहीतच आहे.

(सही)

साक्षीदार: डॉक्टरीणबाई, खालच्या मजल्यावरचा शिंपी. शिंपी वाचून म्हणाला, “उद्या येतोय ना तो? मग तोंडानं सांगून टाका की.” मी “सांगतो” म्हणालो.

ठिकाण: मागची खोली. शनिवार, वीस नोव्हेंबर.

पुरवणी, रविवार: भाऊ येऊन गेला. औषधे ठेवली, माझी उशी सरळ केली. सांगितले नाही. वरील मृत्युपत्र कायम.

(सही)