तुझा कोट आणि माझे डोळे

चिमे,

मी आत्याबरोबर डोळ्यांच्या दवाखान्यात चाललोय. आज उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढणार आहेत, डाव्याचा नंतर. आधी सांगितलं असतं तर तू कामाला दांडी मारली असतीस. संध्याकाळपर्यंत घरी येतो. जेवण झाकून ठेवलंय.

काल तू किती हौसेनं तुमच्या फॅशन शोच्या तयारीची फिल्म लावलीस. तू शिवलेला कोट पहिल्यांदाच पडद्यावर आला आणि मी नुसतं "छान" म्हणालो. "बाबा, एकही चूक काढली नाहीत?" एवढंच विचारून तू आत निघून गेलीस.

खरं सांगतो, मला तो कोट दिसलाच नाही. गेले चार महिने पडद्यावर सगळं धुरकट दिसतं. तू बोलतेस त्या अंदाजानं मी मान डोलावतो. ऑपरेशनची धास्ती वाटत होती, म्हणून गप्प राहिलो.

तू कॉलेजात असताना आपलं शिंपीकामाचं दुकान बंद केलं की आपण कटिंगच्या टेबलावर बसून फोनवर असे शो बघायचो. त्या मुली ऐटीत चालत यायच्या आणि मी म्हणायचो, "थांबव, हिचा डावा खांदा उतरलाय." तू मागे नेऊन बघायचीस आणि हसत सुटायचीस, "अहो, खरंच की!" मला वाटायचं, जगातले नामांकित शिंपी आपल्याच दुकानात येऊन बसलेत.

पट्टी निघाली की ती फिल्म पुन्हा लाव. कॉलरपासून खालच्या दुमडीपर्यंत सगळं थांबवून थांबवून बघेन. तोवर कालचं "छान" मी परत घेतो.

बाबा