काठीच्या डोंगरसिंगचे एकशे त्रेसष्ट नातेवाईक

शहादा,
गुरुवार, जेवणानंतर

प्रिय सीमाताई हिला,

सबीहाचा सलाम आणि नमस्कारही. दोन्हींतला जो मानवेल तो ठेवून घे. (तू माझ्यापेक्षा तीनच महिन्यांनी मोठी, पण तुला नर्सची नेमणूक मिळाल्यापासून ताई म्हणायचं असा अम्मीचा हुकूम आहे. मायन्यापुरता पाळला, आता पुढे तू नुसती सीमा.) तब्येत कशी आहे? अंगावर उठलेलं पुरळ बसलं का? दवाखान्याच्या कपाटातला विंचू गेला, की तोही आता हजेरीपटावर आहे? इकडे अब्बांची कंबर, अम्मीचे गुडघे आणि माझी अक्कल, तिन्ही जिथे होती तिथेच आहेत. नदीपलीकडे तुझ्या दवाखान्यात फोन लागत नाही म्हणून कागद घेतला. बारावीनंतर एवढं मराठी हाताने लिहिलेलं नाही, तेव्हा ऱ्हस्वदीर्घ पोटात घाल.

मला नोकरी लागल्याचं तुला कळलंच असेल, पण नोकरीत मी काय करते ते अजून आमच्या घरातही कुणाला कळलेलं नाही. डॉक्टरबाईंची एक लहानशी संस्था आहे, डोंगरातल्या गावांत सिकलसेलची तपासणी करते. तुला नर्सला मी काय सांगणार, पण रक्ताचा आजार, आईबापांकडून मुलांत उतरतो, म्हणून एक रोगी सापडला की त्याचं गणगोत शोधून तपासावं लागतं. आजवर हे गणगोत सतरा वह्यांमध्ये होतं. एका वहीतला भाऊ दुसऱ्या वहीतल्या बहिणीला ओळखत नव्हता. तेव्हा डॉक्टरबाईंनी ठरवलं की हे सगळं ग्राफ डेटाबेसात घालायचं. म्हणजे असं समज, प्रत्येक माणूस एक ठिपका आणि प्रत्येक नातं एक रेघ. ठिपक्यावर बोट ठेवलं की रेघांवरून चालत मामा, मावशी, चुलतभाऊ सगळ्यांपर्यंत जाता येतं. ही ठिपक्यांची रांगोळी आपल्या ऑफिसात नसते, दूर कुठेतरी एका कंपनीच्या मोठ्या यंत्रांवर असते, त्याला क्लाउड म्हणतात. आणि आपल्या लॅपटॉपवर बसून त्या दूरच्या यंत्राशी बोलणारा जो प्रोग्रॅम, तो क्लायंट. तो लिहायचं काम माझं. (आमचा ड्रायव्हर रूपचंद याला क्लायंट म्हणजे गिऱ्हाईक एवढंच ठाऊक. क्लायंट सोमवारपर्यंत तयार होईल असं मी डॉक्टरबाईंना सांगितलेलं त्याने ऐकलं, आणि सोमवारी सकाळी खुर्ची पुसून, चहा सांगून, दारात उभा राहिला. अकरा वाजता आत येऊन म्हणाला, "सबीहा माय, गिऱ्हाईक कव्हय येई ऱ्हायनं?")

गिऱ्हाईक काही आलं नाही, कारण पलीकडचं यंत्र मला दारातही उभं करेना. क्लायंटला पत्ता सांगावा लागतो, कुठल्या दाराने जायचं तो नंबर, नाव, गुप्त किल्ली, आणि उत्तर आलं नाही तर किती वेळ थांबायचं तेही. मी सगळं सांगितलं. उत्तर आलं की ओळखपत्र वैध नाही. मी किल्ली बदलली. पत्ता बदलला. मुंबईच्या यंत्राऐवजी परदेशातलं यंत्र धरून पाहिलं. तीन दिवस मी तोरणमाळच्या डोंगराला, टॉवरवाल्याला आणि त्या कंपनीला नावं ठेवत होते. कंपनीच्या मदतकक्षाला मी चार कडक पत्रं लिहिली. चौथ्या दिवशी लॅपटॉप घरी नेला, तर अब्बा शेजारी मोटारीची कॉइल भरत बसले होते, त्यांनी चष्म्यावरून नुसतं पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं आणि म्हणाले, "बेटा, ह्याचं तर अजून दोन हजार पंधरा साल चाललंय." संस्थेचा लॅपटॉप जुना, आतला बटणसेल मेलेला, आणि तारीख आपोआप जुळवायची सोय कुणीतरी बंद करून ठेवलेली. पलीकडच्या यंत्राचं ओळखपत्र या वर्षीचं, आणि आमचा लॅपटॉप दहा वर्षं मागे बसून म्हणत होता की हे ओळखपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही. अब्बांनी दुकानातला सेल घातला, तारीख लावली, आणि क्लायंट पहिल्या हाकेला आत गेला. (मदतकक्षाने पहिल्याच उत्तरात घड्याळ तपासा असं लिहिलं होतं. ते सातव्या ओळीत होतं, मी पाचव्या ओळीनंतर रागावले होते.)

मग नाती भरायला बसले. आपल्या इंटरनेटची चाल तुला माहीत आहे. मी क्लायंटला शिकवलं होतं की पाच सेकंदांत पोच आली नाही तर तीच नोंद पुन्हा पाठव. वाटलं, केवढी मी हुशार. पण नोंद पहिल्याच वेळी पोचत होती, उशीर पोच परत यायला होत होता. संध्याकाळी पाहिलं तर रमिलाबाई नावाच्या एका बाईचं एकाच नवऱ्याशी नऊ वेळा लग्न लागलेलं, आणि तिचा एकुलता एक मुलगा पाच वेळा जन्माला आलेला. डॉक्टरबाईंनी चष्मा काढून पुसला. मी घाईघाईने उपाय केला. क्लायंटला बजावलं की ह्या नावाचा ठिपका आधीच असेल तर नवा काढू नकोस, आहे त्यालाच रेघ जोड. एका दुपारीत सगळं स्वच्छ झालं. एक रमिलाबाई, एक नवरा, एक मुलगा. मी स्वतःवर खूश होऊन अम्मीला जिलेबी आणायला लावली.

सीमा, तू डोंगरातली. तुला एव्हाना समजलं असेल की मी काय करून ठेवलं. मला समजायला होळीच्या आधीचा आठवडा यावा लागला.

ऊसतोडीला गेलेली माणसं होळीला परत येतात, म्हणून डॉक्टरबाईंनी काठी गावच्या शाळेत शिबिर ठेवलं. यादीत एक नाव आधीच्या तपासणीत सिकलसेलचा रोगी म्हणून लागलेलं होतं, डोंगरसिंग. मी क्लायंटला विचारलं, डोंगरसिंगचे नातेवाईक किती? तो म्हणाला, एकशे त्रेसष्ट. मला वाटलं, मोठं कुटुंब. गावोगावच्या आशाताईंना मी निरोप धाडला, आणि तो मुद्दाम सरकारी मराठीत लिहिला, आजाराचं नाव उघड नको म्हणून: "आपले नातेवाईक डोंगरसिंग यांच्यासंदर्भात आपण काठी येथे तातडीने उपस्थित राहावे." आता हे वाचून कुणाला काय वाटेल? सकाळी नऊपासून जीपा यायला लागल्या. माणसं टपावर, मागे लटकलेली. कुणी कोंबडी आणलेली, कुणी ज्वारी, एका म्हाताऱ्याने नवं कापड घडी करून काखेत धरलेलं. बायका जीपमधून उतरल्याबरोबर गळ्यात पडून रडायला लागल्या. मी पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभी राहिले.

तेवढ्यात काठीचाच डोंगरसिंग आला. साठीचा माणूस, बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मूल नाही, होळीत ढोल वाजवतो आणि एरवी कुणाशी फार बोलत नाही. काठी टेकत गर्दीच्या कडेला आला आणि एका बाईला विचारलं, "कोण गेलं?"

ती म्हणाली, "डोंगरसिंग."

त्याने थोडा विचार केला. म्हणाला, "मला कोणी सांगितलं नाही."

डॉक्टरबाई व्हरांड्यात आल्या आणि त्यांनी मोठ्याने हाक मारली, "डोंगरसिंग कोण?" तर सहा माणसं उभी राहिली. सहा गावांचे सहा डोंगरसिंग, त्यातला एक ब्राह्मणपुरीत शेतावर कामाला राहिलेला. माझ्या उपायाने सगळ्यांचा मिळून एक ठिपका झाला होता. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना झालं ते सगळं सांगितलं. मग माणसांपुढे उभी राहून माफी मागितली. आशाताईंनी ती त्यांच्या बोलीत सांगितली. मला वाटलं होतं की चिडतील, आणि चिडायचा त्यांना हक्क होता. पण कापडवाला म्हातारा आधी हसला, मग सगळेच हसले. कोणी मेलं नाही हे कळल्यावर माणसं किती पटकन माफ करतात ते मी त्या दिवशी पाहिलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, आलेच आहेत तर ज्यांची तयारी असेल त्यांचं रक्त तपासू. किट संपली, रूपचंद जीप घेऊन आणखी आणायला गेला. तोवर कोंबड्या शिजल्या, ज्वारीच्या भाकरी झाल्या, आणि काठीच्या डोंगरसिंगला मध्ये बसवून सगळ्यांनी त्याला जेवू घातलं. जेवण त्याच्याच नावाने आलं होतं ना.

त्या दिवशी, जीपांतून आलेल्यांत फुलीबाई नावाची एक आजी होती, तिची नात सापडली. नऊ वर्षांची, सारखी हातपाय दुखतात म्हणून शाळा बुडवायची, आणि कामचुकार म्हणून मार खायची. तिला आजारच होता. आता गोळ्या चालू आहेत, मागच्या आठवड्यात सलग पाच दिवस शाळेत गेली. माझी यादी बरोबर असती तर ती त्या दिवशी तिथे आलीच नसती. मी हे डॉक्टरबाईंना जरा आशेने बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "पोरगी सापडली हे आपलं नशीब. चूक ती चूकच. नीट कर." मग मी प्रत्येक माणसाला वेगळा क्रमांक दिला, वडिलांचं नाव, गाव, पाडा जोडला, आणि सगळे डोंगरसिंग एकमेकांपासून सोडवले. चौदा दिवस लागले. माणसं जोडायला एक दुपार पुरली होती.

होळी झाल्यावर एके दिवशी काठीचा डोंगरसिंग शहाद्याला ऑफिसात आला. रेघा सोडवल्याचं कुणीतरी सांगितलं असावं. उभाच राहिला. म्हणाला, "माझ्या रेघा दाखव." मी पडदा फिरवून दाखवला. एक ठिपका, आणि त्याला एकच रेघ, वारलेल्या बायकोकडे जाणारी. त्याने त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला की होळीला त्याच्या अंगणात एक्केचाळीस माणसं उतरली होती, शिबिरातलीच. ढोल ऐकायला आली, दोन दिवस राहिली. आणि विचारलं, "त्यातली एखादी रेघ राहू देता येत नाही?"

मी त्याला सांगायला लागले की ह्या रेघा रक्ताच्या आहेत, औषधासाठी आहेत, खोटी ठेवता येत नाही. माझंच बोलणं मला ऐकवेना. रूपचंद दाराशी टेकून उभा होता. तो म्हणाला, "होळीले येतस ना त्या? मंग तीबी रेघच शे." आणि सीमा, बरोबर होतं त्याचं. ग्राफमध्ये रेघ कसलीही असू शकते, आपण नाव देऊ ती. मी नव्या जातीची रेघ तयार केली, तिचं नाव ठेवलं "होळीचा पाहुणा". डोंगरसिंग नावं सांगत गेला, मी जोडत गेले. एक्केचाळीसची एक्केचाळीस त्याला पाठ होती. डॉक्टरबाईंनी मागून पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या की औषधाच्या यादीत हे येता कामा नये. येत नाही. मी तीनदा तपासलंय. (आणि घड्याळही.)

तर असं सगळं. तू सुखरूप राहा, उन्हात फिरताना डोक्याला ओलं फडकं बांध, आणि जेवण टाळू नकोस, तू टाळतेस हे मला इथे बसून कळतं. अम्मीने आंब्याच्या लोणच्याची बरणी दिली आहे, झाकण सैल आहे, आणणाऱ्याला सरळ धरायला सांग. अब्बा म्हणतात तुझ्या दवाखान्यातला पंखा आवाज करत असेल तर उतरवून पाठव, ते मोटार भरून देतील.

तुझी,
सबीहा

ता. क. पत्र मी गमतीसाठी लिहिलं असं वाटत असेल तर तसं नाही. शिबिरात सहाही डोंगरसिंगांचं रक्त तपासलं, सहाही जण निरोगी निघाले. म्हणजे रोगाचा तो जुना अहवाल सातव्याचा आहे. सातव्याचं गाव वहीत मणिबेली असं आहे, म्हणजे तुझ्याच दवाखान्याच्या बाजूला. गावाचा बराच भाग धरणाच्या पाण्याखाली गेलाय, तो माणूस आता वर डोंगरावर कुठे राहतो ते आमच्यापैकी कुणाला माहीत नाही, आणि तिकडे नावेशिवाय वाट नाही. त्याला स्वतःला आजार आहे हे ठाऊक असेल असं वाटत नाही, आणि वहीत त्याची दोन लहान मुलं आहेत. सीमा, त्याला शोध. तिघांचंही रक्त घे. माझ्यासाठी नाही केलंस तरी चालेल, पण कर.

ता. क. २ (हे पाकिटावर आहे, रूपचंद पत्र घेऊन नदीच्या काठावर पोचलाय, तिथून त्याने आत्ताच फोन केला, आणि ह्या ओळी मी फोनवर सांगितल्याबरहुकूम त्यानेच लिहिल्या आहेत, अक्षर माफ कर.) जो माणूस हे पत्र तुझ्या हातात देतोय, त्या नाववाल्याचं नाव डोंगरसिंग. सातवा आहे की आठवा, ते त्यालाही सांगता येत नाही. पत्र देऊन लगेच परत निघणार म्हणतोय. निघू देऊ नकोस. आधी त्याची बोट बांधायला लाव, मग त्याचं बोट टोच.