आईसाठी गळा काढला नाही

कॅरागीन, मायो
नोव्हेंबर १८७९

प्रिय ऑनर,

आई गेली. पहिल्याच ओळीत लिहून टाकते, म्हणजे पत्र हातात धरून तुला धाकधूक नको. मंगळवारी सकाळी गेली. फार हाल झाले नाहीत. शेवटी शेवटी ती चुलीजवळच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून असायची. मार्टिनने काही विचारलं की उत्तर मला द्यायची, जावयाशी कोण बोलत बसणार. तुझी आठवण निघाली की म्हणायची, तिकडे बॉस्टनमध्ये बर्फात पायांत बूट तरी घालते का ती. घालत जा बाई.

आता तू विचारशील, किती माणसं जमली, उशाशी कोण बसलं, आईसाठी कोणी काय म्हटलं. विचारणारच. आईसारखा गळा काढणारी बाई या किनाऱ्यावर दुसरी नव्हती. कुणाच्या घरी मयत झाली की आधी तिच्याकडे माणूस धावायचा, मग पाद्र्याकडे. मडं धुऊन, पुसून, टेबलावर निजवेपर्यंत ती कुणाला हुंदकासुद्धा काढू द्यायची नाही. आधी रडलं तर आत्म्याच्या वाटेवर टपलेली कुत्री जागी होतात ना. मग उशाशी बसायची, शाल मागे सारायची आणि गेलेल्याला नावानं हाक मारायची. त्याचं कूळ, त्याची होडी, त्याची शेतं, त्याचा हात किती सढळ होता, सगळं सुरात यायचं आणि बाकीच्या बायका मागून उचलून धरायच्या. फेस्टी वारला तेव्हाचं आठवतं तुला? त्या टकल्या म्हाताऱ्याला आई म्हणाली, माझ्या काळ्या कुरळ्या केसांच्या राजा. बायका शालीत तोंड खुपसून हसल्या. आपण घरी येताना तिला छेडलं, तर फणकारली, "मेलेल्याला चार केस जास्त दिले तर तुमच्या बापाचं काय गेलं?" तिची ही खोडच होती. कुणीही मेलेलं असो, तिच्या विलापात कुठेतरी काळे कुरळे केस यायचे, खांद्यावरचं फावडं यायचं, मिसरूड फुटायच्या आधी गेलेला कुणीतरी यायचा. ऐंशीच्या म्हाताऱ्यालासुद्धा.

ऑनर, त्या आईसाठी कुणी रडलं नाही. दार लावून घेतलं मी. बुधवारी मार्टिन, त्याचे दोघे भाऊ आणि मी, एवढेच तिला घेऊन गेलो. शेजारच्या विनीला कळलं ते आम्ही तिच्या भिंतीजवळून जाताना. ती बिचारी कुबडी टेकत मागून दफनभूमीपर्यंत आली आणि सगळ्यांसमोर मला म्हणाली, "सॅबिना, या गावातल्या एकूण एक माणसाला तुझ्या आईनं नावानिशी रडून वाटेला लावलं. तिच्यासाठी तू हूं की चूं केलं नाहीस?" मी म्हटलं, फादरांनी मनाई केली. "फादर वीस वर्षं मनाईच करतायत," ती म्हणाली, "तुझ्या आईनं कधी ऐकलं?" मग माती लोटायला तीच पुढे झाली. मी खाली बघत उभी राहिले.

फादरांनी मनाई केली हे खोटं नाही. पण ती मनाई मी मागून आणली. खरं कारण आमच्या खाटेखाली आहे. यंदा बटाटा गेला, हे तुला मागच्या पत्रात लिहिलं होतं. जुलैत पाला काळा पडला आणि पुन्हा तोच वास सुटला, जो तुझ्या नाकाला माहीत नाही पण माझ्या आहे. तू पाठवलेल्या पैशांतून मार्टिनने मक्याच्या पिठाची दोन पोती आणली. गावात आज दुसऱ्या कुठल्या घरात एवढं पीठ नाही. माझी चार पोरं आणि पुढे अख्खा हिवाळा. रीत तुला माहीत आहे. घरातून रडण्याचा सूर उठला की गाव येतं, आणि आलेल्याला उपाशी परत पाठवायचं नसतं. सगळे आले असते, ऑनर. विनी आली असती, तिच्या नातवंडांना घेऊन. गालफडं बसली आहेत त्यांची. एका दिवसात पोती रिकामी झाली असती.

आणि आईने मला बजावून ठेवलं होतं. जायच्या आदल्या आठवड्यात माझं मनगट धरून म्हणाली, "मी गेले की दार सताड उघड. येईल त्याला पोटभर घाल. आणि माझ्यासाठी रडायच्या आधी कोलमनसाठी रडा." कोलमन, आपला थोरला, दुष्काळात स्कॉटलंडला कामाला गेला आणि परत आला नाही, तो. मी हो म्हटलं. मंगळवारी तिचा श्वास थांबला, मी तिला धुतलं, निजवलं, केस विंचरले, सगळं रीतीप्रमाणे केलं. मग उशाशी बसले, तिचं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि माझी नजर खाटेखालच्या पोत्यांवर गेली. तोंड मिटलं ते मिटलंच. मार्टिन म्हणाला, "विनीला हाक मारू?" मी म्हटलं, "आधी फादरांना विचारून ये, रडलेलं चालेल का." उत्तर मला पाठ होतं. पोरांना सांगितलं, आजी झोपली आहे, आवाज करायचा नाही. धाकटी दिवसभर चवड्यांवर चालली. मला स्वतःची किळस आली, तरी दुपारी मी लापशी केली, आणि ती सगळ्यांनी खाल्ली, मीसुद्धा.

हे मी कुठे शिकले तेही सांगते, आता ऐकायला आई नाही. सत्तेचाळीसच्या हिवाळ्यात तू पाळण्यात होतीस आणि मी सात वर्षांची. बाबा आधीच तापात गेले होते. कोलमन पंधरा वर्षांचा, सरकारी रस्त्यावर खडी फोडायला जायचा आणि मिळेल ते पीठ घेऊन यायचा. स्वतः खाऊन आलोय म्हणायचा. आपण त्याच्यावर विश्वास ठेवला, कारण ठेवणं सोयीचं होतं. एका सकाळी तो उठला नाही. आईने त्याला धुतलं, काळे केस ओले करून बोटांनी वळवले, उशाशी बसली, आणि मी वाट पाहत राहिले की आता ती सूर लावेल. तिने माझ्याकडे पाहिलं, पाळण्याकडे पाहिलं, मग उठून दाराला अडसर घातला. भिंतीपलीकडे विनीची धाकटी दोन पोरं भुकेने विव्हळत होती. आपल्या घरात त्याने आणलेलं अर्धं पोतं होतं. अंधार पडल्यावर मी आणि आईने मिळून त्याला मागच्या वाफ्यात पुरलं, बटाटे सडले होते त्याच वाफ्यात. दुसऱ्या दिवशी आईने गावात सांगितलं, कोलमन स्कॉटलंडला गेला. विनीची ती दोन्ही पोरं त्याच आठवड्यात गेली. आईने जाऊन त्यांच्यासाठी गळा काढला. इतका की माणसं म्हणाली, सख्ख्या आईलाही असं रडता येणार नाही. त्या पिठावर तू आणि मी जगलो. मी आईला मनातून कधी क्षमा केली नव्हती, तुला खरं सांगते. गेल्या मंगळवारपर्यंत मला वाटायचं, तिच्या जागी मी असते तर दार उघडलं असतं.

तुझं मागचं पत्र आलं तेव्हा आई जागी होती. मीच तिला वाचून दाखवलं, की तू पुन्हा वर्तमानपत्रात छापायला दिलं आहेस, कोलमन नावाच्या भावाचा शोध, उंच, काळे कुरळे केस, ग्लासगोच्या बाजूला असावा, आणि बंदरावर स्कॉटलंडचं जहाज लागलं की तू अजून जाऊन विचारतेस. आईने पांघरूण तोंडावर ओढून घेतलं. जाऊ नकोस आता बंदरावर. तो मागच्या वाफ्यात आहे, तिथे आम्ही कधी काही लावलं नाही. विनीला हे सांगायचं आहे, आणि तुझी शपथ, मी सांगेन, पण आधी तुझा हक्क. तुझ्या इमारतीत आपल्या मुलखाच्या बायका आहेत असं तू लिहिलं होतंस. त्यांना बोलाव. दार उघडं ठेव, टेबलावर पाव ठेव, येईल त्याला खाऊ घाल, आणि आधी कोलमनसाठी आणि मग आईसाठी, अगदी रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असा, गळा काढ. माझ्याकडून ते झालं नाही, ऑनर. घरात पीठ होतं.

तुझीच,
सॅबिना