निळ्या खिडकीखालचा बाक

गुरुवार, ता. ९

प्रिय ताई,

तुला आणि दाजींना नमस्कार, तुमच्या छकुलीला पापा. तुला लावून लावून वाचावं लागतं म्हणून अक्षर मोठं आणि सुटं काढते आहे. शेगडीवर दूध ठेवून वाचायला बसू नकोस. मागच्या वेळी दूध उतू गेलं त्याचं खापर दाजींनी माझ्या पत्रावर फोडलं होतं.

मी बरी आहे. खोली कोरडी आहे, जेवण वेळेवर होतं. छकुलीच्या शाळेची चौकशी करून आले. जागा आहे. नोकरी कायम झाल्याचं पत्र आमच्या काचकारखान्याच्या मिस्त्रींनी दिलं की तिचं नाव घालता येईल, मग ती माझ्याकडेच राहील.

तू विचारलं होतंस, मी हल्ली प्रत्येक पत्रात तुमच्याकडे वारा आहे का असं का विचारते. सहज गं. आमच्या कामात वाऱ्याकडे लक्ष ठेवावं लागतं.

ते काम काय, हे तुला कधी नीट सांगितलंच नाही. इथल्या प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये सात रंगीत खिडक्या आहेत. सातही मेलेल्या माणसांच्या आठवणीसाठी त्यांच्या घरच्यांनी बसवलेल्या. देवाच्या घरात चित्रं असावीत की नसावीत यावर म्हणे दोन वर्षं वाद चालला, आणि कुठेही माणसाचा चेहरा काढायचा नाही या अटीवर मिटला. म्हणून एकीत नुसतं झाड आहे, एकीत दिवा. तिसरीत निळ्या पाण्यावर गलबत आहे आणि गलबतात कोणीच नाही.

ती तिसरी आम्ही सहा महिन्यांपूर्वी उतरवून दुरुस्त केली. काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवलेले असतात. पट्ट्यांना तांब्याच्या तारा सोल्डर करायच्या, म्हणजे तापवलेल्या लोखंडानं डाग देऊन जोडायच्या, आणि त्या तारा आडव्या लोखंडी गजांना बांधायच्या. त्यांच्या आधारावर तावदान उभं राहतं. वरचं तावदान उचलायला दोन माणसं लागतात. त्याच्या बारा तारा मी एकटीनं जोडल्या. मिस्त्री सगळ्यांना सांगत होते, पोरीचा हात सरळ आहे.

इथे रीत आहे की ज्याची खिडकी त्याच्या घरच्यांनी तिच्याखाली बसायचं. गलबताखाली सुईणबाई बसतात. निम्मं गाव त्यांच्या हातावर जन्मलेलं. मुलगा एकच, तो बुडाला. मागच्या रविवारी मी त्यांना म्हटलं, पुढच्या बाकावर बसा ना, पाळकांचं बोलणं नीट ऐकू येईल. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणाल्या, "का गं, माझी जागा कोणासाठी धरते आहेस? लग्नबिग्न ठरलं काय?" बाजूच्या बायका हसल्या. मग त्यांनी हात उघडून दाखवले. साडेदहाच्या सुमाराला ऊन गलबताच्या पाण्यातून उतरतं आणि त्यांच्या तळव्यांवर निळं पडतं. पुढच्या बाकावर ते पोचत नाही.



शुक्रवार

पत्र काल टाकलं नाही. जे लिहायचं ते त्यात नव्हतं.

ताई, त्या तारा कच्च्या आहेत. जोराचा वारा आला तर ते तावदान खालच्या बाकावर येईल. काम शिकताना मी एकदा जुन्या शिशाला भोक पाडलं होतं. लोखंड जास्त तापलं की शिसं वितळून जातं. तेव्हापासून मी लोखंड बेताचंच तापवायची. शिशाला काही होऊ नये एवढीच काळजी होती. पण कमी तापलेल्या लोखंडानं जोड वरून चकचकीत दिसतो आणि आत धरत नाही. हे मला माहीत नव्हतं असं लिहिणार होते. माहीत होतं. आपलं धरलं असेल असं मी मानून घेतलं.

तीन आठवड्यांपूर्वी तपासणी होती. मी शिडीवर, खाली मिस्त्री आणि चर्चचा कारभार पाहणारे दोन वडीलधारे. पहिल्या तारेला बोट लावलं तर ती हातात आली. पाच तारा पाहिल्या, चार सुटल्या. उरलेल्या सात तारांना मी हात लावला नाही. खालून मिस्त्रींनी विचारलं, "ठीक?" मी म्हटलं, "ठीक." सुटलेल्या तारा गजाला पिळून ठेवल्या आणि काही दिसू नये म्हणून वर काच बसवायची काळी लांबी थापली. मग खाली येऊन कागदावर लिहिलं, सर्व जोड पक्के, आणि सही केली. त्या कागदाच्या जोरावर उरलेल्या सहा खिडक्यांचं काम मिळालं.

बाबांनी गिरणीत न वाचता अंगठा उठवला, हात गेला तो स्वतःच्या चुकीनं असं कबूल करून बसले, आणि आपण सगळ्यांनी ठरवलं की आता घरातलं एक माणूस तरी शिकवायचं. तू शाळा सोडलीस ती त्यासाठी. मी तर वाचून सही केली.

आज दुपारी मिस्त्रींना सांगितलं. ते बराच वेळ हातातली काच पुसत राहिले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, परांची सोमवारी मोकळी होते आहे, मंगळवारपर्यंत आपण दोघं सगळं पक्कं करू, कोणाला कळायचं कारण नाही. बोललीस तर सहाही खिडक्या जातील, माझा कारखाना जाईल आणि तुझं कायमचं पत्रही. "मध्ये एकच रविवार आहे, पोरी."

मी हो म्हटलं. छकुलीचा विचार करून म्हटलं, हे तिला कधी सांगू नकोस.

रविवार, सकाळी आठ

पहाटेपासून वारा आहे. काल रेडिओवर सांगितलंच होतं.

काल संध्याकाळी मी सुईणबाईंच्या घरी गेले. वाटलं, त्यांना एकटीला सांगावं, त्या आज येणार नाहीत, आणि मंगळवारी सगळं निभावून जाईल. त्या शेंगा सोलत होत्या. मी शिडीपासून सहीपर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, "हात भीतीनं अडला की आळसानं?" मी म्हटलं, भीतीनं. त्या म्हणाल्या, भ्यालेल्या हातांनी काय काय होतं ते मी पाहिलं आहे, आळशी हात परवडले.

मला वाटलं, आता शिव्या देतील किंवा जवळ घेतील. त्यांनी सोललेले दाणे वाटीत भरले आणि शांतपणे म्हणाल्या, "उद्या नऊला दार उघडलं की मी माझ्या बाकावर बसेन. तू ये. सगळी मंडळी जमू दे. मग हेच सगळ्यांसमोर बोल. बोललीस की मी उठेन."

मी म्हटलं, बाई, वारा आहे, असं करू नका. पाया पडायला गेले तर पाय मागे घेतले.

"माझ्याशेजारी दुसऱ्यांची पोरं बसतात गं. त्यांना कोण घरी जाऊन सांगणार?"

मी पाळकांकडे गेले. ते दुसऱ्या गावच्या मंडळीकडे गेलेले, आज उपासनेच्या वेळेलाच येतात. मग मिस्त्रींकडे गेले. त्यांनी दार उघडलं, माझं तोंड पाहिलं आणि लावून घेतलं.

रात्रभर मी मनात वाक्यं जुळवत होते. पहिलंच वाक्य जुळत नाही. आत्ता खिडकीचं दार आपटलं आणि मी उठून उभीच राहिले. इथून चर्च दहा मिनिटांवर आहे. बाई नऊच्या आधीच पोचतात, दार उघडेपर्यंत पायरीवर थांबतात. दारातच अडवेन असं मनात येतं, पण त्या अडणाऱ्या नाहीत. मी बोलले नाही तर त्या बसूनच राहतील, गाणी संपेपर्यंत, प्रार्थना संपेपर्यंत, आणि मी मागे उभी राहून वर बघत राहीन.

ताई, शाळेचं काय होईल ते मला माहीत नाही. छकुलीला एवढ्यात काही सांगू नकोस. माझ्यावर रागावलीस तरी चालेल, मिस्त्रींवर रागावू नकोस.

पत्र घडी करून बरोबर नेते आहे. टपालपेटी चर्चच्या पुढे आहे. चर्चमधून बाहेर पडल्यावर तिथे जाऊन टाकीन, बोलले असेन तरच. तुझ्या हातात हे पत्र आलं असेल, तर मी बोलले.

आठ वाजून गेले. निघते.

तुझ्या वाट्याची शाळा शिकलेली,
तुझी धाकटी