मशीनचं गाऱ्हाणं

२ मार्च १९८६
मशीन आलं! सदूने मुंबईहून पाठवलं. पोरगा शब्दाला जागला. ऑपरेशनमध्ये माझ्या गळ्यातला आवाज गेला त्याला सात महिने झाले. हे टॉर्चएवढं नळकांडं गळ्याला टेकवायचं, बटण दाबायचं, ओठ हलवायचे – शब्द उमटतात. दात झिणझिणतात. पहिला शब्द बायकोचं नाव. गोदा रडली. आनंदाने की भीतीने, कळलं नाही.

६ मार्च
रागावलो तरी तोच सूर, लाडाने बोललो तरी तोच. डब्यात कोंडलेला भुंगा. गाय दावं तोडायला बघते. गोदा म्हणते, डोळे मिटले की घरात कुणी परका बोलतोय असं वाटतं.

१५ मार्च
गावकीच्या बैठकीत विषय निघालाच. शिमग्याला पालखी निघण्याआधी देवासमोर गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा. मी मागणं मागायचं, गावाने 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. आंधळा भागोजी म्हणाला, "ह्यो आवाज देव वळाकनार न्हाय." गावाने साथ दिली नाही तर मान दुसऱ्या घरी जाणार. आजोबांपासूनचा मान! जीव नुसता तुटतो.

२४ मार्च
गोदा म्हणाली, लोक हसतील, सोडून द्या. तिच्यावर ओरडलो – म्हणजे मशीन तसंच गुणगुणलं.

२५ मार्च, होळी
घातलं गाऱ्हाणं! बटण दाबलं, पण दात झिणझिणले नाहीत. भीतीने अंग बधिर झालं असणार. ढोल थांबेनात, माझं मलाच ऐकू येईना. ओठ हलवत गेलो. तरी दर मागण्याला अख्खं गाव – "व्हय म्हाराजा!" सगळ्यांच्या आधी देवळाच्या खांबाआडून भागोजी. नंतर माझा हात चाचपून म्हणाला, "देवान वळाकलान. तुजा जुनाच आवाज."
मी सगळ्यांदेखत रडलो.

२६ मार्च
दिवसभर माणसं. मशीन पिशवीतून काढलंच नाही. नुसते हात जोडले.

२७ मार्च
गोदाने मशीनचा सेल माझ्यापुढे ठेवला. होळीच्या सकाळीच तिने काढून घेतला होता. आवाज फुटला नाही तर लोक आजारी समजतील, हसणार तरी नाहीत, असा तिचा हिशेब. मी मशीन उघडलं. रिकामं.
तू काय ऐकलंस, खुणेने विचारलं.
"तुमीच बोललात," ती म्हणाली. "आनि शेवटी माज्यासाटी मागितलात."
गाऱ्हाण्यात तिचं नाव मी घेतलंच नव्हतं.