छत्रीसाठी रडणारी व्हायोलिनं

चि. गुरुदास यास मामाचा आशीर्वाद. इकडे सर्वांची प्रकृती बरी. बोटीवर तुला मासे खायला मिळतात की नुसते बघायला, ते कळव.

गेल्या सोमवारी सकाळी आंघोळ करून, तू पाठवलेली विलायती गाण्यांची तबकडी मी धूतवस्त्रात गुंडाळली आणि रामेश्वराला कौल लावायला नेली. कारण असं की, तबकडी वाजवण्याचं यंत्र इथे एकच, कट्ट्याच्या फकरुद्दीनचं, आणि ते सप्ताहासाठी देवळात आणलेलं. तिथे इंग्रजी गाणं लावावं का, यावर गावात दोन तट पडले. गुरवाने देवाला कळ्या लावल्या, उजवी पडली. परवानगी मिळाली, पण आपली माणसं तेवढ्यावर थांबतात थोडीच? देवाला चाललं म्हणजे भक्तिगीतच असणार, असं ठरवून सगळे हात जोडून ऐकायला बसले. (भजनात पेटी वाजवणारा अप्पा तेवढा कुजबुजला, "भाई, गळो बरो आसा रे, पण एवढ्या वाजपवाल्यांका जेवूक कोण घालता?")

तू लिहिलेला अर्थ मी वाचून दाखवला: तिसऱ्या गाण्यात एका गृहस्थाची छत्री हरवली आहे आणि सगळी व्हायोलिनं तिच्यासाठी शोक करतात. बायांनी पदर डोळ्यांना लावले.

मागे खांबाशी तुझी आई बसली होती. भावोजी गेल्यापासून अक्का हसलेली नाही, आणि मी प्रत्येक पत्रात 'अक्का ठीक' एवढंच लिहून मोकळा होतो, हे तू जाणतोसच. ती एकदम म्हणाली, "आमच्या ह्यांची छत्री येष्टीत रवली, तेव्हा हे असेच रडलेले रे! फकत व्हायोलिनां नाय होती." आणि जी हसत सुटली, ती थांबेचना. देवळात असं हसू नये. पण कौल उजवा, बोलणार कोण?

दुसऱ्या दिवशी तिने तुमच्या सावंतवाडीच्या बंद घराची किल्ली मागितली. एकटी रडत बसेल म्हणून मी आजवर देत नव्हतो. आता एकटी हसत बसेल, याला हरकत कशी घ्यावी? (शेजारी घेतील.) चार दिवस टाळाटाळ केली. आज सकाळी किल्ली दिली आणि तिला गाडीत बसवून आलो. तबकडी तिच्या मांडीवर होती.

ही गाणी इथे कुणाला आवडतील, असं तू विचारलं होतंस. गावाला कौलामुळे आवडली. अक्काला खरीच.

तुझा,
भाईमामा

ता. क. असली तबकडी पुन्हा पाठवू नकोस. दर वेळी हात जोडून बसणं आम्हाला झेपत नाही.

आणखी एक. अक्काच्या घरी ती वाजवायला यंत्र नाही. पोस्टाने धाडू नकोस, वाटेत मोडतं. स्वतः घेऊन ये.